सांगाड्यावर उठलेला शिक्का

माणसांची नावं मी बदलून टाकली आहेत आणि आमच्या वाडीचं नाव तर इथं लिहिणारच नाही. ज्या शिक्क्यावर ते कोरलेलं आहे, त्या शिक्क्यानंच सगळा घोळ घातला, आणि तो घोळ ज्यांच्या हातून झाला त्या बाई अजून नोकरीत आहेत. सोलापूर हायवेवर भांडगाव सोडलं की वरवंडच्या अलीकडं आत एक रस्ता वळतो, तिथं आमची वाडी, एवढं पुरे.

वाडीत एका खोलीचं पोस्ट आहे. पोस्टमास्तर धुरपदाबाई दोरगे. घरोघर टपाल टाकणारा आणि दुपारी थैली मोटारसायकलवरून मोठ्या पोस्टात पोचवणारा मी, ज्ञानेश. तिसरं कुणी नाही. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला दिवसातून दहा वेळा 'हळू चालव' म्हणतात.

मावशी भित्र्या आहेत. हे त्यांच्या माहेरी सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. माहेर शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाई. तिकडं उसात बिबट्या असतो हे काही नवल नाही. दोन वर्षांपूर्वी भावाकडं गेल्या होत्या तेव्हा भर दुपारी शेळ्यांपाशी आलेल्या बिबट्याला याच बाईनं तेलाचा रिकामा डबा बडवून बांधापार घालवलं, आणि मग परत येऊन राहिलेल्या भाकरी थापल्या. पण पोस्टातला फोन वाजला आणि पलीकडून 'इन्स्पेक्टर बोलतोय' असं आलं की त्यांचे हात गार पडतात. अगदी खरोखर गार. मी एकदा हात लावून बघितलं आहे.

त्याला कारण आहे. त्यांचे मालक, म्हणजे आण्णा, याच पोस्टात माझ्या जागेवर होते. एकदा एक रजिस्टर पत्र गहाळ झालं. साहेब आले, समोर बसवून जबाब लिहून घेतला, आण्णांनी खाली सही केली आणि त्याच दिवशी त्यांना पुट ऑफ केलं, म्हणजे घरी बसवलं. अकरा महिन्यांनी पत्र सापडलं, भलत्याच गावच्या थैलीत. आण्णांना सन्मानानं परत घेतलं, पण परत आला तो माणूस निराळाच होता. जेवता जेवता उठायचे आणि दारात कुणी आलंय का बघायचे. चार वर्षांत गेले. त्यांच्या पश्चात मावशींना नोकरी लागली. आण्णांनी त्यांना एकच सांगून ठेवलं होतं, "काय बी होऊ दे, आपल्या हातानं कागदावर लिहून देऊ नगं."

सव्वीस वर्षं मावशींनी तसा एकही कागद लिहून दिला नाही, कारण तशी वेळच येऊ दिली नाही. एक पत्र हरवलं नाही, एक शेरा नाही. येत्या डिसेंबरात पासष्ट पूर्ण होतात आणि त्या सुटतात. 'येवढे चार महिने नीट जाऊ देत' असं त्या यंदाच्या उन्हाळ्यापासून म्हणत होत्या, तेव्हा खरं तर आठ महिने बाकी होते.

आता बापूसाहेब दिवेकर. वरवंडचे, वय एकोणऐंशी. सोसायटीचे जुने चेअरमन. जमीन आमच्या वाडीत, म्हणून दर सोमवारी आपली पांढरी गाडी स्वतः चालवत येणार, पाण्याची पाळी बघणार आणि मग पोस्टात येऊन बसणार. माणूस तापट. एका तलाठ्यानं अरे-तुरे केलं म्हणून त्याची तीन दिवसांत बदली करून आणली होती, असं लोक सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही, पण ही गोष्ट मावशींना पाठ होती.

या तापट माणसाला नाद कसला, तर तिकिटांचा. त्यातही साधी तिकिटं नाहीत. जगात कुठंही कुणी डायनासोरच्या हाडांचं तिकीट काढलं की ते यांना पाहिजे. लहानपणी घोड नदीच्या काठी मामाच्या गावाला त्यांना वाळूत एक हाड सापडलं होतं, दगड झालेलं. घरात हाड नको म्हणून वडिलांनी ते परत नदीत भिरकावलं. तेव्हापासून बापूसाहेब कागदावरची हाडं जमवतायत. एकोणीसशे एक्कावन्नचं आपल्याकडचं तिकीटही आहे त्यांच्याकडं, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. मी एकदा त्यालाही डायनासोर म्हणालो, तर म्हणाले, "हत्ती हाय त्यो. जुन्या काळचा. आधी बघावं, मग बोलावं." नवीन स्मारक तिकिटं आली की मावशी त्यांच्यासाठी दुमडू न देता बाजूला ठेवायच्या. मावशींच्या हातची वस्तू म्हणजे चोख, असं ते चारचौघांत बोलायचे.

राखीच्या आधीचा सोमवार होता. सासुरवाशिणींनी भावांना पाठवलेल्या राख्यांच्या पाकिटांचा टेबलावर ढीग पडला होता. बापूसाहेब त्या दिवशी खुशीत आले. पुण्यात तिकिटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि पहिल्यांदाच ते आपला संग्रह तिथं मांडणार होते. त्यासाठी त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे तुकडे कापून प्रत्येकावर वरच्या उजव्या कोपऱ्यात एकेक तिकीट अलगद बसवलं होतं आणि खाली बारीक अक्षरात त्या प्राण्याची हकिगत लिहिली होती. सगळ्यांत मोलाचं एक होतं, लांबच्या कुठल्या देशानं आपल्या संग्रहालयाला शंभर वर्षं झाली म्हणून काढलेलं. तपकिरी जमिनीवर पांढरा सांगाडा. कोरं, एकदाही न वापरलेलं. ते मिळवायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. ते कार्ड मावशींना दाखवता दाखवता त्यांचा फोन वाजला. खोलीत आवाज नीट येत नाही, म्हणून कार्ड टेबलावर ठेवून ते बाहेर लिंबाखाली गेले.

बाहेर मी होतो. थैलीची वेळ टळत होती आणि मी हॉर्नवर हॉर्न वाजवत होतो. माझा वाटा मी आधीच कबूल करून टाकतो.

मावशींची शिक्का मारायची रीत सांगायला हवी. त्या पाकीट वाचत नाहीत. नजर फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यावर. तिथं कोरं तिकीट दिसलं की शिक्का शाईच्या गादीवर आणि गादीवरून तिकिटावर. एक पाकीट सरकतं, दुसरं येतं. सव्वीस वर्षांत कोरं तिकीट त्या हाताखालून कोरं गेलेलं नाही. त्या दिवशी ढिगाच्या कडेला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड होतं, खाली हातानं लिहिलेलं, वर कोपऱ्यात कोरं तिकीट. हातानं आपलं काम केलं.

आवाज वेगळा आला म्हणून त्यांनी पाहिलं. सांगाड्याच्या बरोब्बर बरगड्यांवर काळा गोल बसला होता. गोलात वाडीचं नाव, खाली तारीख, शाई अजून ओली. चोरानं जाताना भिंतीवर आपलं नाव-गाव लिहून जावं, तसा प्रकार. मावशींना पुढचं नीट आठवत नाही म्हणतात. ते कार्ड त्यांनी बाकीच्या कार्डांच्या मध्ये पालथं सरकवलं. बापूसाहेब आत आले, फोनवरच्या माणसाला शिव्या घालत गठ्ठा दोऱ्यानं बांधला, पिशवीत टाकला आणि गेले.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की मावशींनी खुर्ची फिरवून रस्ता दिसेल अशी मांडली. डबा उघडायच्या आणि तसाच झाकायच्या. पांढरी गाडी वळली की उभ्या राहायच्या. शिक्का मारताना प्रत्येक पाकीट दोन्ही बाजूंनी बघायला लागल्या आणि थैलीला रोज उशीर व्हायला लागला. पाचव्या दिवशी मी वैतागून विचारलं, "मावशी, झालंय तरी काय?" तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं.

खरं सांगतो, ऐकून मीही टरकलो. बापूसाहेबांनी वर एक अर्ज टाकला की चौकशी लागणार, आणि चौकशीत हॉर्न वाजवणारा कसा सुटेल? पण मी मोठा धीराचा आव आणला. म्हणालो, "गप बसा. त्यांना कळलं असतं तर आजवर गप बसले असते का त्ये?"

"त्येचंच भ्या वाटतंय," मावशी म्हणाल्या. "आरडाओरडा केला असता तर कळलं असतं तरी. गप का हायत?"

पुढचा सोमवार आला, बापूसाहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाहीत. मावशी रात्रंदिवस एकच हिशेब करत बसायच्या, कार्ड बघितलं असंल का नसंल. आण्णांसारखं त्यांनीही जेवता जेवता उठून दार बघायला सुरुवात केली होती. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

तिसऱ्या सोमवारी पांढरी गाडी थांबली, पण उतरला तो विक्रम, बापूसाहेबांचा थोरला मुलगा; तो त्यांना आबा म्हणतो. मावशी टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. मी थैलीचं तोंड बांधायच्या निमित्तानं खाली बसलो.

"मावशी, आबांची तिकिटं बाजूला काढून ठेवू नका आता," विक्रम म्हणाला. "त्ये काय यायचे न्हाईत."

"का?" मावशींनी विचारलं.

"डोकं साथ देईना त्यांचं. त्ये भारी तिकीट हुतं ना सांगाड्याचं, त्येच्यावर हितला शिक्का मारून घेतला त्यांनी. आन् मारून घेतलेला आठवत बी न्हाई. मी म्हणलं, पोस्टात चुकून मारला आसंल. तर मलाच ओरडले. म्हणले, धुरपदाबाई चुकत न्हाईत, मीच मारा म्हणलो आसणार. तुमाला आठवतंय ना, त्येंनीच सांगितलं हुतं?"

मावशींची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. विक्रमला हो वाटलं.

"वाटलंच," तो म्हणाला. "गाडीची चावी काढून घेतलीय मी. कपाटाची बी. शुक्रवारी पुण्याला दाखवायचंय, मेमरीच्या डाक्टरला. आल्बम एका व्यापाऱ्याला देऊन टाकावा म्हणतोय, आबांना तरी आता त्येचं काय." आणि तो गेला.

गाडी वळल्यावर मी थैली टाकून अक्षरशः टाळी वाजवली. म्हणालो, "सुटलो मावशी. आता कुणी इचारत न्हाई आपल्याला."

मावशी खाली बसल्या. तोंडावर पदर धरला. "म्हातारा चांगला शहाणा हाय रं ज्ञानेश," त्या म्हणाल्या. "मी चुकत न्हाई म्हणून त्यो येडा ठरला."

मी पुष्कळ समजावलं. ऐंशीचे होत आले, आज ना उद्या विसरणारच. तुमचे चार महिने राहिलेत. आण्णांचं काय झालं ते तुम्हीच बघितलंय. शेवटचं बोललो आणि माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर पोस्ट बंद करून, कुलूप दोनदा ओढून बघून मावशी माझ्या मोटारसायकलवर बसल्या. वरवंडपर्यंत एकदाही 'हळू चालव' म्हणाल्या नाहीत. माझा शर्ट त्यांनी पाठीमागं इतका घट्ट धरला होता की गळा आवळत होता.

बापूसाहेब पडवीत बसले होते, मांडीवर वही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, आवाज उतरलेला. आम्हाला बघून घाईनं वहीत बघितलं आणि विचारलं, "आज सोमवार न्हाई ना?"

"मंगळवार हाय," मी म्हणालो.

"व्हय, मंगळवार. लिवलंय मी." वहीच्या पानावर एकाखाली एक ओळी होत्या. सात वाजता चहा. साडेसातला गोळी. आठला आंघोळ, गरम पाणी. ज्या माणसासमोर तलाठी उभा राहायला घाबरायचा, तो आंघोळ केल्याची नोंद ठेवत होता.

मावशी बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "बापूसाहेब, त्यो शिक्का मी मारला. तुमी सांगितलं न्हवतं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून बोलू नका धुरपदाबाई."

"न्हाई. तुमचा फोन आल्ता. तुमी कार्ड टेबलावर ठिवून लिंबाखाली गेलात. राखीचा ढीग हुता, ह्यो हॉर्न वाजवत हुता. माझा हात चालला. मग भ्याले, आन् कार्ड मधी घातलं."

"फोन कुणाचा हुता?"

"खताच्या दुकानाचा. आत आलात तवा तुमी म्हणत हुता, डीएपीसंगं नगं त्ये दुसरं गळ्यात मारतो."

बापूसाहेबांचे ओठ हलले. "व्हय," ते म्हणाले. "नॅनो युरियाची बाटली. मी म्हणलो न्हाई घेत. आठवतंय मला. त्ये सगळं आठवतंय, फकस्त शिक्का आठवत न्हवता." त्यांनी चष्मा काढला. "तीन आठवडे झाले, मी रोज सतराचा पाढा म्हणून बघतोय. एकशे त्रेपन्न आलं की वाटायचं, आजचा दिवस हाय आपण. उद्याचं ठावं न्हाई." आणि हा तापट म्हातारा आमच्यासमोर डोळे पुसायला लागला.

मी तयारीत होतो, की आता शिव्या बसतील. त्या बसल्याच नाहीत. तेवढ्यात आतून विक्रम आला. मावशींनी त्याच्यासमोर सगळं परत सांगितलं. तो काही विश्वास ठेवेना.

"काल तर मान हलवलीत तुमी. आज म्हणताय मी मारला. आबांचं वाईट वाटतंय तुमाला, कळतंय मला. पण शुक्रवारी डाक्टरला मी काय सांगू?"

बापूसाहेबांनी मांडीवरची वही पुढं केली, वर पेन ठेवलं. "लिवून द्या," ते म्हणाले. हुकूम नव्हता तो. मागणं होतं.

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. मी मध्ये पडलो, "लिवून कशाला बापूसाहेब, तोंडी सांगितलं की." माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मावशी पडवीच्या पायरीवर बसल्या, वही गुडघ्यावर घेतली. मग 'आठला आंघोळ, गरम पाणी' याच्या खाली त्यांनी लिहायला घेतलं. दर ओळीला थांबत होत्या. लिहिलं ते असं: बापूसाहेब दिवेकर यांच्या कोऱ्या तिकिटावर मी माझ्या हातानं, त्यांनी सांगितलेलं नसताना, चुकून शिक्का मारला आणि भीतीनं लपवलं. काल विक्रम यांना खरं सांगितलं नाही. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख आणि सही.

विक्रमनं वाचलं. परत वाचलं. म्हणाला, "मावशी, हा कागद वर गेला तर नोकरी जाईल तुमची. कळतंय ना?"

"कळतंय. घरातलं गेलंय एक माणूस असल्या कागदापायी," मावशी म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "कुणाला बरं वाटावं म्हणून कोण लिवून दील का असलं?"

बापूसाहेबांनी हात पुढं केला. "चावी," ते म्हणाले, आणि आता आवाज त्यांचा नेहमीचा होता. विक्रमनं खिशातून आधी कपाटाची काढली, मग गाडीची.

तो कागद वर गेलेला नाही. जाईल की नाही, माहीत नाही. वहीत आहे एवढं खरं. मावशींची भीती गेली असं मी लिहिणार नाही. पांढरी गाडी वळली की त्या अजून उभ्या राहतात आणि डिसेंबर अजून लांब आहे.

पुढच्या सोमवारी बापूसाहेब स्वतः गाडी चालवत आले. पिशवीतून गठ्ठा काढला, दोरा सोडला आणि उरलेली कोरी तिकिटं लावलेली कार्डं टेबलावर एकेक करून मांडली, शिक्क्यापासून वीतभर अंतरावर. मांडून होतात न होतात तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी एकदा कार्डांकडं बघितलं, एकदा मावशींकडं, आणि सगळं तसंच टेबलावर सोडून ते बोलत बोलत बाहेर लिंबाखाली गेले. थैलीची वेळ झाली होती, पण मी हॉर्न वाजवला नाही. मावशींनी शिक्का उचलून ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि ते परत येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिल्या.